तपकिरी खडा

चौथ्या अंड्याचे काय झाले, ते मी पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले असे म्हणतात, त्यांच्यापैकी दोघे त्या वेळी तळ्याच्या पलीकडच्या काठावर होते आणि तिसरे घुबड होते, ज्याला भर दुपारी धड दिसत नाही. तेव्हा मुलांनो, या गोष्टीत जे पक्के आहे ते मी पक्के म्हणून सांगेन. जे पक्के नाही, ते तसेच ठेवीन.

पक्के आहे ते असे. एका जंगलात एक तळे होते आणि तळ्याच्या पूर्वेकडच्या खडेरी काठावर एक टिटवी राहत असे. टिटवी घरटे बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. अंडी तपकिरी असतात, त्यांवर गडद ठिपके असतात आणि दोन पावलांवरून पाहिले तरी तीही खडेच वाटतात. उन्हाळ्यात टिटवी तळ्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. असे केले नाही, तर अंडी उन्हाने शिजतात. म्हणून तिला पाण्याजवळ राहावेच लागते.

अडचण एवढीच होती की, त्याच काठावरून गव्यांची वाट जात होती. रोज सकाळी बारा गवे त्या वाटेने पाण्यावर उतरत. मागच्या उन्हाळ्यात टिटवीची चारही अंडी खुरांखाली गेली. कोणाच्या खुराखाली, हे तिला सांगता आले नसते. गवे बारा होते आणि खूर अठ्ठेचाळीस.

त्या जंगलात दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणवठ्याचा कारभारी निवडला जाई. पाण्यावर कोणी कोणत्या वेळी यायचे आणि कोणत्या वाटेने यायचे, हे तो ठरवी. मत देण्याची पद्धत साधी होती. कासव प्रत्येकाला एक चिंचोका देई. मोठ्या खडकाच्या आडोशाला दोन खड्डे असत. आत एकेकट्याने जायचे आणि आपला चिंचोका हव्या त्या खड्ड्यात टाकायचा. त्या वर्षी दोघे उभे होते : एक सांबर आणि एक गवा. सांबराने जाहीर केले, "मी कारभारी झालो, तर गव्यांची वाट पूर्वेच्या काठावरून उठवून पश्चिमेच्या काठाला नेईन." गवा म्हणाला, "वाट आहे तिथेच राहील."

टिटवी सांबराच्या पक्षाची कार्यकर्ती झाली. ती सांबरासाठी आली नव्हती, अंड्यांसाठी आली होती. पक्षाची अशा गोष्टीला हरकत नसते.

सांबराच्या कार्यकर्त्यांचे प्रमुख एक मुंगूस होते. मुंगूस अंडी खाते, हे तुम्हाला ठाऊक असेल. टिटवीलाही ठाऊक होते. परंतु निवडणूक लागली त्याच दिवशी मुंगसाने भर सभेत पुढचे दोन्ही पाय जोडून सांगितले होते, "पक्षात पक्षी आहेत, घोरपडी आहेत, कासवांची पोरं आहेत. आजपासून मी अंडं सोडलं." सभेने शेपट्या आपटून त्याचे स्वागत केले. कधीपर्यंत सोडले, हे कोणी विचारले नाही.

पहिल्याच सकाळी मुंगसाने कार्यकर्त्यांना करवंदीच्या जाळीखाली जमवले. त्याच्यापुढे खड्यांचे तीन ढीग होते.

"दारोदार जायचं," ते म्हणाले, "रामराम करायचा आणि 'चिंचोका आपल्यालाच ना?' असं विचारायचं. आपला असेल, तर दाराशी पांढरा खडा. त्यांचा असेल, तर काळा. कळलं नाही, तर तपकिरी. शेवटच्या दोन दिवसांत आपण फक्त तपकिरी दारांशी जाणार. पांढऱ्यांना पुन्हा विचारायची गरज नाही आणि काळ्यांना विचारून उपयोग नाही. स्वतःच्या दाराशी प्रत्येकाने पांढरा टाकूनच यायचं. गव्यांच्या आळीत कोणी जाऊ नका. तिथे मी आज उजाडताच बारा काळे टाकून आलोय."

"विचारून टाकलेत?" टिटवीने विचारले.

मुंगसाने तिच्याकडे पाहिले. "टिटवीबाई, गव्याला मत देणार का, हे गव्यांना विचारायचं?"

जाळीखाली हशा पिकला. सर्वांत मोठ्याने एक खार हसली. ती नवी कार्यकर्ती होती आणि मुंगसाच्या प्रत्येक वाक्यावर हसत असे.

आता त्या जंगलाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. तिथे दारी आलेल्याला कोणी 'नाही' म्हणत नसे. आलेल्याला सावलीत बसवायचे, बोरे पुढे करायची आणि तो जे म्हणेल त्याला होकार द्यायचा, हा तिथला पाहुणचार होता. त्यामुळे खारीने "चिंचोका आपल्यालाच ना?" असे विचारले की, दारातून एकच उत्तर येई, "हो हो, आपलंच आहे. बोरं घ्या." खार बोरे घेई, पांढरा खडा टाकी आणि पुढच्या दाराकडे पळे. पहिल्या दिवशी तिने चौतीस पांढरे खडे टाकले.

टिटवी तितक्याच दारांशी गेली. तिचे नऊ पांढरे झाले, दोन काळे आणि तेवीस तपकिरी.

"तेवीस?" सायंकाळी मुंगूस म्हणाले. "कळलं नाही म्हणजे काय? दिवसभर काय केलंत?"

"विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"अहो, मग पांढरे टाका की!"

"हो म्हणाले, पण बोरं चाचपत म्हणाले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही."

"खारूताई, ऐकलंस? हिला बोरांचासुद्धा संशय येतो." मुंगूस टिटवीकडे वळले. "बाई, आभाळ पडेल म्हणून तुम्ही पाय वर करून झोपता म्हणे. तुम्ही आभाळ सांभाळा. आकडे मी सांभाळतो."

टिटवी पाय वर करून झोपत नाही. ही अफवा तिच्या आजीच्या काळापासून जंगलात आहे आणि तिच्या आजीनेही ती नाकारून पाहिली होती. 

रोज सायंकाळी सांबर जाळीपाशी येई आणि एकच प्रश्न विचारी, "पांढरे किती?" ज्याचे सर्वांत जास्त, त्याच्या पाठीवर ते हलकेच शिंग टेकवी. काळे किती किंवा तपकिरी किती, हे त्याने एकदाही विचारले नाही. आठवडाभरात एक टिटवी सोडली, तर कोणाकडेच तपकिरी खडा उरला नाही. कार्यकर्ते खोटे बोलत होते, असे मी म्हणणार नाही. त्यांना रोज जो प्रश्न विचारला जाई, त्याचे चांगले उत्तर ते देत होते.

याच सुमारास टिटवीचे अंडी घालण्याचे दिवस भरले. मतदानाला दहा दिवस होते. तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक, पूर्वेचा काठ. दुसरी, तळ्यापासून बरीच दूर असलेली एक उंच टेकडी. टेकडीवर गवे जात नसत. मात्र तिथे पोहोचेपर्यंत ओली पिसे निम्मी वाळत. तिथे चारांतली कदाचित दोन अंडी वाचली असती. टिटवी टेकडी पाहून आली, हे मुंगसाला कळले.

"टेकडीवर?" ते म्हणाले. "बाई, लोकांचं लक्ष आहे तुमच्याकडे. ज्या काठासाठी आपण लढतोय, त्या काठावर आपलीच कार्यकर्ती अंडी घालत नाही, असं झालं तर उद्या तोंड कुठं दाखवायचं? काठावरच घाला. सगळ्यांना दिसतील अशी घाला."

"आणि हरलो तर?"

"जंगलात दारं किती? तीनशे बारा. पांढरे खडे किती? एकशे नव्वद. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला हिशोब येतो ना?"

टिटवीला हिशोब येत होता. एकशे नव्वद म्हणजे निम्म्याहून चौतीस जास्त. त्या रात्री तिने जोडीदाराशी चर्चा केली आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवसांत काठावर चार अंडी घातली. जी टिटवी स्वतः विचारून खात्री पटल्याशिवाय एक पांढरा खडा टाकत नसे, तिने दुसऱ्यांनी टाकलेल्या एकशे नव्वद खड्यांच्या भरवशावर चार अंडी घातली. अंडी उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. आता तिला निवडणूक जिंकणे भाग होते. तोवर रोज सकाळी कळप अंड्यांच्या अगदी जवळून जाई, आणि ती केवळ नशिबाने वाचत.

पाचव्या दिवशी पिसे भिजवून परत येताना तिला साळिंदराच्या बिळापाशी आवाज ऐकू आला. गव्याच्या पक्षाचे रानडुक्कर दाराशी उभे होते.

"चिंचोका आपल्यालाच ना?" रानडुकराने विचारले.

"हो हो, आपलंच आहे," साळिंदर म्हणाले. "बोरं घ्या."

रानडुकराने बोरे घेतली आणि दाराशी पांढरा खडा टाकला. तिथे खारीने टाकलेला एक पांढरा खडा आधीच होता. आता साळिंदराच्या दाराशी दोन पांढरे खडे झाले, आणि साळिंदर एकच होते.

रानडुक्कर गेल्यावर टिटवी पुढे झाली. "काका, हे काय?"

साळिंदर ओशाळले नाही. "बाई, दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? तुम्ही विचारता, 'आपलंच ना?' मी म्हणतो, 'आपलंच.' तुम्ही खूश, मी मोकळा."

"मग चिंचोका कोणाला?"

"ते ठरलं नाही अजून. आणि खरं सांगू? येतो की नाही, तेही ठरलं नाही. त्या दिवशी ऊन फार असणार. तुमची ती खार म्हणाली, 'काका, तुमचा पांढरा पडला, आता काळजी नको.' मग मी म्हटलं, माझा मोजून झालाच आहे, तर पुन्हा उन्हात कशाला तडफडू?"

टिटवीने दोन्ही पांढरे खडे बाजूला केले आणि एक तपकिरी खडा ठेवला.

त्यानंतरचे दोन दिवस टिटवा अंड्यांवर बसला आणि टिटवी पांढऱ्या खड्यांची दारे पुन्हा फिरली. चिंचोका कोणाला, हे तिने विचारलेच नाही. तिने विचारले, "मतदानाला कधी निघणार? कोणत्या वाटेने? सोबत कोण?" जो खरोखर येणार होता, त्याचे उत्तर तयार होते. सशाची मादी म्हणाली, "उजाडताच निघणार, पळसाखालून. पोरं शेजारणीकडे ठेवणार." ज्याचा येण्याचा विचार नव्हता, तो म्हणे, "येऊ की!" किंवा "बघू, तेव्हाचं तेव्हा." अठ्ठावन्न दारे फिरून झाली, तेव्हा एकतीस पांढऱ्यांच्या जागी तपकिरी खडे आले होते.

तिने ते जाळीखाली सर्वांसमोर सांगितले. मतदानाला तीन दिवस उरले होते. खार हसायची थांबली.

"पांढऱ्याचा तपकिरी?" मुंगूस म्हणाले. त्याची शेपटी फुलली होती. "पक्षात असं कधी झालं नाही. तपकिरीचा पांढरा होतो. तेच तर आपलं काम! सांबरसाहेबांना मी आता काय सांगू? एकशे नव्वदाचे एकशे एकोणसाठ झाले म्हणून?"

"त्याहून कमी असतील. मी अठ्ठावन्नच दारं पाहिली. बाकीच्यांना पुन्हा विचारायला हवं. अजून तीन दिवस आहेत."

"तीन दिवसांत मिरवणुकीची तयारी करायची आहे. फुलं आणायची आहेत, मोरांना निरोप द्यायचा आहे. खारूताई, जा आणि ते एकतीस खडे होते तसे पांढरे करून ये." मग ते टिटवीला म्हणाले, "आणि तुम्हाला विचारायची एवढीच खुमखुमी असेल ना बाई, तर जा गव्यांच्या आळीत! तिथे जाऊन विचारा!"

सगळे हसले. टिटवीला उपरोध कळत नव्हता, असे नाही. पण सूचना तिला योग्य वाटली. ती गव्यांच्या आळीत गेली.

आळीच्या तोंडाशी ऐनाच्या झाडांखाली बारा काळे खडे होते. काही खुरांनी मातीत रुतले होते. आत एक म्हातारी, मोठ्या हाडापेराची गव्याची मादी रवंथ करत बसली होती. सारा कळप तिला थोरली म्हणत असे.

"कोण गं?" थोरलीने विचारले. "काठावरची ओरडणारी ना तू?"

"हो, थोरलीबाई. मी सांबराच्या पक्षाची आहे. एक विचारायला आले."

"विचारायला?" थोरलीचे रवंथ थांबले. "ऐकलंत का गं," तिने मागे वळून आवाज दिला, "विचारायला आलीय! तुमच्यातलं ते मुंगूस दरवर्षी पहाटे येतं, खडे टाकतं आणि पळतं. आमच्या वासरांना वाटतं, खेळायला टाकतं. बस. बोरं नाहीत आमच्याकडे, गवत आहे. चालतं का?"

"नको. तुमचा चिंचोका कोणाला?"

"ते मी कोणालाच सांगत नाही. तो आमचा गवा उभा आहे ना, त्यालाही नाही सांगितलं. दुसरं काही विचार."

टिटवीने दुसरे विचारले. "तुम्ही पूर्वेच्याच काठाने का उतरता?"

"पश्चिमेला चिखल आहे. तीन वर्षांमागं माझ्या लेकीचं वासरू त्यात कमरेपर्यंत गेलं. दुपारपर्यंत ओरडत होतं. तुमचा सांबर म्हणतो, तिकडून जा. त्याचे पाय बारीक, तो जाईल."

ही गोष्ट टिटवीला ठाऊक नव्हती. सांबराच्या पक्षात ती कोणालाच ठाऊक नव्हती, कारण ज्यांना ठाऊक होती, त्यांच्या दारात काळे खडे होते.

"पूर्वेच्या काठावर माझी अंडी आहेत," टिटवी म्हणाली. "मागच्या वर्षीही होती."

"अंडी?" थोरलीने मान वर केली. "तिथे तर नुसते खडे आहेत."

"त्या खड्यांत आहेत."

थोरली उठली. तिला उठायला वेळ लागला. ती टिटवीच्या मागोमाग काठावर आली आणि टिटवी सांगेल तिथे थांबली. टिटव्याने अंड्यांवरून उठून जागा करून दिली. थोरलीने नाक जवळजवळ जमिनीला टेकवले, तेव्हा कुठे एक अंडे तिला दिसले. मग दुसरे दिसले. बाकीची दोन तिला दाखवावी लागली.

मग ती म्हणाली, "आम्ही यायला लागलो की तू एवढी ओरडायचीस. आम्हाला वाटायचं, ही कैदाशीण पाण्यावर येऊ देत नाही. वर टिटवी ओरडली की अपशकुन, असं माझी आई सांगायची. म्हणून आम्ही कान पाडून भरभर पुढे जायचो. अगं, सांगितलं का नाहीस?"

"ओरडत होते की," टिटवी म्हणाली.

थोरलीने नाकातून एक मोठा श्वास सोडला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे टिटवीला कळले नाही.

"हे बघ," थोरली म्हणाली, "निवडणुकीला तो गवा उभा आहे. पण रोज सकाळी कळपाच्या पुढं मी असते. मी पाऊल ठेवीन तिथे बाकीचे ठेवतात. उद्यापासून आम्ही उतरायला लागलो की तू अंड्यांपुढं पंख पसरून उभी राहा. मी दहा पावलं डावीकडून जाईन. निवडणुकीचं काय व्हायचं ते होऊ दे."

जाताना टिटवीने थोरलीच्या जागेपुढचा काळा खडा उचलला आणि तिथे तपकिरी खडा ठेवला. त्या आळीत विचारून ठेवलेला तो पहिला खडा होता.

टिटवी गव्यांच्या आळीत गेली, हे सायंकाळपर्यंत जाळीखाली पोहोचले. मुंगसाने तिला कामावरून काढून टाकले. तरीही मतदानाच्या सकाळी, गवे पाण्यावरून परतल्यावर, ती आपल्या तपकिरी दारांशी पुन्हा गेली. बाकीचे कार्यकर्ते पळसाची फुले गोळा करत होते. साळिंदराला तिने सावलीची वाट दाखवली आणि ते कुरकुरत का होईना, निघाले. तिच्या सांगण्यावरून आणखी अकराजण निघाले. त्यांनी चिंचोका कोणत्या खड्ड्यात टाकला, हे तिने विचारले नाही.

कासवाने चिंचोके दोनदा मोजले. सांबराला एकशे अठरा मिळाले, गव्याला एकशे एकतीस. त्रेसष्ट मतदार आलेच नव्हते.

"पण ते हो म्हणाले होते!" खार म्हणाली. तिच्या हातातली फुले खाली पडली. "मला बोरं दिली होती!"

"दिली असतील," कासव म्हणाले. "मी चिंचोके मोजतो. बोरं मोजत नाही."

मुंगसाने मात्र मोजणीकडे पाहिले नाही. ते टिटवीकडे पाहत होते. "फितुरी झाली," ते म्हणाले. "कोणी त्या आळीत गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे." ज्यांनी दोन्ही पक्षांना होकार दिला होता, त्यांनीही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गर्दी झाली. गवा निवडून आला होता; आता टिटवीच्या अंड्यांचे काय होते, ते पाहायला सगळे आले होते. कळप ऐनांच्या झाडांतून खाली उतरला. पुढे थोरली होती आणि सर्वांत मागे, गळ्यात रानवेलीची माळ घातलेला नवा कारभारी. टिटवी अंड्यांपुढे पंख पसरून उभी राहिली आणि ओरडू लागली. थोरली थांबली. मग मागच्या तीन सकाळींसारखीच ती दहा पावले डावीकडे सरकली, आणि तिच्यामागून एकेक गवा डावीकडे सरकला.

"अगं थोरले!" मागून नवा कारभारी ओरडला. "वाट आहे तिथेच राहील, असं मी जाहीर केलंय!"

"वाट आहे तिथेच आहे," थोरली मागे न पाहता म्हणाली. "आम्ही जरा बाजूनं चालतोय. तू पण ये. माळ सांभाळ, काट्यात अडकेल."

नवा कारभारी थोडा वेळ उभा राहिला. मग तोही डावीकडून गेला. पुढेही रोज तसेच झाले. चारही अंडी जागेवर राहिली. थोरलीने चिंचोका कोणाला दिला होता, हे तिने सांगितले नाही आणि टिटवीने पुन्हा विचारले नाही.

निकालानंतर बाराव्या दिवशी दुपारी मुंगसाने पराभवावर चिंतन बैठक बोलावली आणि टिटवीला खुलासा द्यायला बोलावले. टिटवी गेली. टिटवा अंड्यांवर होता. ऊन कडक होते; मधेच तो पिसे भिजवायला तळ्यात उतरला आणि लगेच परत आला. तो परतला, तेव्हा अंडी तीन होती. जवळपास खुराचा ठसा नव्हता. कवचाचा तुकडा नव्हता. खडे होते तसेच होते.

बैठकीला मुंगूस उशिरा आले, हे सर्वांनी पाहिले. ते कधी उशिरा येत नसे. त्याचे तोंड ओले होते, हेही काहींनी पाहिले. परंतु उन्हाळ्यात तळ्यावरून येणाऱ्या कोणाचेही तोंड ओले असते. त्याच काठावर एक घोरपड राहते. कावळे तर सगळीकडेच असतात. यापलीकडे मला काही ठाऊक नाही.

उरलेल्या तीन अंड्यांतून वेळेवर पिले बाहेर आली. ती पळू लागल्यावर एका सकाळी टिटवी मुंगसाच्या बिळाशी गेली. निवडणुकीच्या पहिल्या दिवशी मुंगसाने स्वतःच टाकलेला पांढरा खडा अजून दाराशी होता. साऱ्या जंगलात पुन्हापुन्हा विचारत हिंडलेली टिटवी या दाराशी मात्र कधीच आली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही अंडी सोडल्याचं जाहीर केलं होतं. कधीपर्यंत सोडली होती?"

"बाई, आपल्यात आपण काय विचारायचं?" मुंगूस म्हणाले. "तुम्ही आम्ही आपलेच ना! हो हो, आपलेच. बसा, बोरं घ्या." त्याने बोरे पुढे सरकवली. तसे करताना ते बोरांकडे पाहत होते.

टिटवीने बोरे घेतली नाहीत. तिने दाराशी असलेला पांढरा खडा उचलला आणि तिथे तपकिरी खडा ठेवला. तो अजूनही तिथेच आहे. त्याच्या जागी पांढरा ठेवावा की काळा, हे आजपर्यंत कोणालाही ठरवता आलेले नाही.

तात्पर्य : आपले कोण आणि परके कोण, हे विचारल्यावाचून ठरवू नये, आणि विचारूनही कळले नाही, तर 'कळले नाही' असेच म्हणावे.